‘कमांडेड’ लिवा, हवालदार

आता तुमीच सांगा हवालदार, भरवसा ठेवायचा तरी कुणावर? शेजारच्या दुकानातला नाथाजी, वीस वरसं एका घागरीतलं पाणी पितोय आमी, आन् मुंबईच्या कंपनीला सांगलीत हळदीचा एजंट पायजे म्हटल्यावर गुपचूप तुमच्याकडनं इंग्रजीत अर्ज टाईप करून घेतो! — न्हाई, तुमच्यावर राग न्हाई, तुमचा त्यो धंदाच. पान घ्या. मशीन ठिवा हितं गादीवर, हळद लागली तर शुभच. — तर अर्ज तुमच्याकडनंच जायचाय शनवारच्या टपालानं, आन् नाथाजी त्याची नक्कल आत्ताच पेठेत मिरवतोय. मला नुस्तं वरचं वाचू दिलं. ‘ऑर्गनाइज्ड’ काय, ‘सुपरवाइज्ड’ काय, आन् त्यात ‘लेड’! पोस्टमास्तरला इचारलं, लेड म्हंजे? तर म्हणं, पुढं होऊन माणसं नेली. नाथाजीनं! वरातीत बायकोच्या मागनं चालत हुता त्यो!

माजं इंग्रजी तारंचं. साळा चौथीत सुटली, बाकी सगळं तारा वाचून शिकलो — ‘सोल्ड’, ‘सेंट’, ‘रिसीव्ह्ड’. शब्दाला पैसा पडतो, तारंत कोण ‘लेड’ लिवणार? एकदा मिरचीची पोती मागवायला तार केली, मिरची शब्दाचा पैसा वाचवला, तर गड्यानं हजार रिकामी पोती धाडली — आजून माळ्यावर हायत! हसू नका. तुमी पलटणीतलं कारकून, मेडलासाठी कुणाचा कागद जायचा तवा काय लिवायचा? … ‘कमांडेड’? वा! लेडच्या वरचं हाय न्हवं? मग त्येच लिवा — लालासाहेब आष्टेकर, कमांडेड.

काय? कुणाला कमांड केलं? आवं, औंदाच्या चैतातलंच घ्या की. हरिपूरला आमची पेवं, जमिनीच्या पोटात हळद ठेवतो. तोंड उघडलं की आदी वारं खेळू द्यायचं, मग आत कंदील सोडायचा. विझला तर माणूस उतरवायचा न्हाई. त्या दिशी सिद्धू हमाल आत गुदमरून पडला, आन् आमी काढला त्येला. आमी म्हंजे — उतरला नाथाजी, कमरंला दोर, तोंडाला वला पंचा. दोर माज्या हातात. … म्हंजे हरिबा आन् गुंडा, दोगा हमालांच्या. मी आरडत हुतो. कुणीतरी आरडाय पायजेच की!

कंदील? … न्हवता सोडला. गिऱ्हाईक मोटारीत बसून घाई करत हुतं, आन् मी म्हणालो, उतर रं सिद्ध्या, काय हुत न्हाई. — आता ह्येला काय म्हणत्यात तुमच्या इंग्रजीत? हुकूम दिला म्हंजे त्येच — कमांडेड?

थांबा. टक-टक करू नका.

नाथाजीच्या अर्जात पेवाचं असंलच, काय? मोठ्या टायपात. … न्हाई? एक वळ न्हाई? मग ते ‘लेड’ कशाचं? … सहा हमाल घिऊन ठेसनावर माल चढवला त्येचं! एवढंच? आन् पेवाचं तुमी इचारलं न्हाई? … इचारलं. काय म्हणला? … ‘ते लिवलं तर कुणी उतरवलं त्येबी लिवावं लागंल.’

असं म्हणला.

सिद्धू बरा हाय तसा. जिना चढताना दम लागतो जरा.

काढा त्यो कागद मशिनीतनं. न्हाई, अर्ज करणार मी, एजन्सी काय फुकट सोडतोय व्हय? पर माज्या कागदावर ‘सोल्ड’, ‘सेंट’, ‘रिसीव्ह्ड’, तीनच. आन् नाथाजीच्या अर्जात एक वळ वाढवा, सिद्धूची, कुणी उतरवला त्याच्या नावासकट. त्येला इचारायचं कशाला? मी सांगतोय न्हवं! धंद्यात त्यो माज्या वर गेला तर बघून घिईन, पर चांगुलपणात वर गेलेला मला खपायचा न्हाई.

उठा आता, माज्या तोंडाकडं बगू नका. पायरीला जपा. आन् हवालदार — ज्यानं केलं त्याच्याच नावावर मांडा, हिशेब चोख ठिवा.