वैष्णवीच्या गटाची थंड खोली

वाघोलीहून मंडईला निघालेल्या बसमध्ये हेमाच्या पुढच्याच बाकावर दोघी जावा मेथीची गाठोडी पायाशी धरून बसल्या होत्या. धाकटीनं विषय काढला.

"शालूअक्का, वैष्णवीच्या गटाला फाउंडेशननं भाजीसाठी थंड खोली बांधून दिली म्हणं."

"दिली की! आन् आपल्या गटाला काय? टोप्या. त्याबी त्यांचं नाव छापलेल्या."

हेमानं गळ्यातलं फाउंडेशनचं ओळखपत्र हळूच ओढणीखाली सारलं.

"आपण तर टेम्पो मागितला व्हता."

"टेम्पोला कोनशिला कुठं बसवणार बाई? खोलीला भिंत असती."

"तिची भाजी तरी टिकत असंल."

"कशाची टिकतीय! मंडईला न्यायला तिच्याकडंबी गाडी न्हाई. आत लोकांच्या लग्नातलं आईस्क्रीम ठेवती."

"मग आपल्याला न्हाई मिळाली तेच बरं झालं."

"काय बरं झालं? फीत कापताना माझ्याकडं बघत बघत पदर सावरत व्हती ती! आता पुढच्या बारीला आपणबी खोलीच मागायची."

"आन् टेम्पो?"

"टेम्पो गेला खड्ड्यात. खोली तिच्यापेक्षा मोठी पायजे."