आईनं न ओळखलेला नट

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा आणि मला सांगा, सोंग घेणं हे पाप आहे का? ऐका तर मग.

तिकडे इंग्लंडात सिरिल थॉर्नबी नावाचा एक नट होता. आई मेबल बंदरावर तळलेले मासे विकायची. अहो, नाकं मुरडू नका, तिचा संसार होता तो! पोरगा शिरला नाटकात. आज राजा, उद्या चोर, परवा तोंडाचं बोळकं झालेली म्हातारी! सोंग असं, की बरोबरचे नटच विचारायचे, "आजीबाई, कुणाकडे आलात?"

एकदा नाटक आलं त्याच्याच गावात. सिरिलचं काम दुष्ट जमीनदाराचं! आणि सिनेमाचा एक दिग्दर्शक नट शोधायला येऊन बसलेला. आज जमलं तर नशीब उघडणार! पहिल्या रांगेत मेबल. तिची समजूत अशी, की आपला सिरिल नायक असणार, अजून यायचाय.

जमीनदारानं अनाथ पोरीचा हात धरला मात्र — मेबल उठली!

"मेल्या, सोड तिला! माझा सिरिल येऊ दे, हाडं मोडेल तुझी!"

लोक हसून गडबडा लोळायला लागले. सिरिल पेचात! 'आई' म्हणावं, तर नाटक मेलं. काय करावं बिचाऱ्यानं? तो जमीनदारच राहिला. घोगऱ्या आवाजात गरजला, "थेरडे, हिंमत असेल तर ये वर!"

आली ना ती! छत्री घेऊन आली! धपाधप! जमीनदार पुढे, मेबल मागे — अहो मृदंगवाले, हसता काय, ठेका धरा! — शेवटी तो गुडघ्यांवर आला. "सोडली बाई, सोडली पोरगी!" पडदा पडला. टाळ्या थांबेनात!

आत जाऊन त्यानं आईसमोर मिशी उतरवली.

"अगंबाई! तू होतास?" मेबल म्हणाली. "लागलं का रे?"

"लागलं ना! पण तू ओळखलं नाहीस, आई, याहून मोठं बक्षीस कुठलं?"

मायलेकरं डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. दारात दिग्दर्शक उभा. म्हणाला, "जन्मदातीला जो ओळखू येत नाही, तोच नट मला हवा!"

पुढे सिरिलनं नाटक गाजवलं, सिनेमा गाजवला. सम्राट झाला, गाडीवान झाला, विदूषक झाला. पण गावी आला की आईशेजारी मासे साफ करायला बसायचा. शेजारी थट्टेनं विचारायचे, "काय, आज कुणाचं सोंग?"

"आज सुट्टी! आज नुसता मेबलचा पोर!"

तर सोंग घेणं पाप नव्हे, मंडळी. सोंगं देवानंच वाटून दिलीत — कुणाला साहेबाचं, कुणाला सासूबाईंचं. जीव ओतून वठवा! पण खेळ संपल्यावर उतरवा की हो! फौजदारसाहेब, हसू नका, घरात बायकोला 'हजर हो' कोण म्हणतं? आणि मी तरी? घरी वरण मागतानाही निरूपण करतो!

आज घरी जाल, दारात चपला काढाल, तेव्हा आपलं मोठेपणही तिथंच काढून ठेवा. आत जाऊ दे फक्त हरीचं लेकरू. उचला टाळ!