बाबाचा मोजा कुठे गेला

हॅलो?… हो, मीच केला होता. सात वेळा… तास चालू होता? बरं. आता संपला ना? मग बसा खुर्चीत. मला तुमच्याशी भांडायचंय, ताई.

नाही, तुमच्या भावाचं काही नाही. जहाज बंदराला लागल्याशिवाय त्याचा फोन कुठला यायला… कंपनीने त्याच्या कराराची मुदत दोनदा वाढवली, आता तिसऱ्यांदा वाढवताहेत की काय, कुणी सांगत नाही. पण तो विषय वेगळा… अहो, मधे बोलू नका! तुमची भाची दुपारी कपडे धुवायच्या मशीनमध्ये जाऊन बसली होती.

मशीनमध्ये. आत. गोल दार ओढून घेऊन… हो, ती बरी आहे. समोर बसून बिस्किट खातेय. मी बरी नाहीये!… अहो, साबण घालून झाला होता. बटणावर बोट होतं माझं. काचेला आतून पंजा लागलेला दिसला म्हणून… छे, रडतेय कसली! उलट माझ्यावरच डाफरली. 'आई, तू दार उघडलंस, आता मला परत पहिल्यापासून जावं लागेल.'

कुठे म्हणजे? बाबाकडे!

आठवलं आता?… रविवारी. माझ्याच ओट्याशी उभ्या राहून. बाबाचे मोजे घालून झोपते ना ती, त्यातला एक धुण्यात सापडेना. तर तुम्ही म्हणालात, वर्महोलमधून गेला असेल. अवकाशातला बोगदा म्हणे, एक तोंड मशीनमध्ये, दुसरं बाबाच्या जहाजावर… गंमत? गंमत करायला तुम्ही, निस्तरायला मी.

'असू शकतं' एवढंच म्हणालात, माहीत आहे मला. तिथेच उभी होते मी. पण पाच वर्षांच्या पोरीला 'असू शकतं' म्हणजे 'आहे'च, ताई…

हे बघा, मला नका शिकवू. मीही बी.एस्सी. आहे, पुढे तुमच्यासारखी फळ्यापाशी गेले नाही इतकंच. समीकरणात बसतं, मान्य. पण ते तोंड उघडलं तरी उजेड पलीकडे पोचायच्या आत मिटतं. उघडं धरायला ऋण ऊर्जा लागते. आहे तुमच्याकडे? द्या वाटीभर उसनी… हो, हो… खोटंही ठरलेलं नाही, हो… अहो, ऐका ना! समीकरणात बसतं ते सगळं माझ्या मशीनमध्ये बसवायचं का?

मोजा? सापडला की. दाराच्या रबरात अडकला होता. तिच्या नाकासमोर धरला, म्हटलं बघ, कुठ्ठे गेला नव्हता. तर म्हणते, 'परत आला! बाबाने पाठवला!'… हसू नका. ताई, हसू नका म्हणतेय ना!

म्हणूनच तर फोन केला. माझं ऐकत नाही ती, आत्याचं मात्र ब्रह्मवाक्य. तुम्ही स्वतः सांगा, वर्महोल नसतात… का नाही म्हणता येणार? जीभ झडेल?… विज्ञानाशी खोटं बोलवत नाही! वा! आणि मी इथे मशीनला दोरी बांधून बसलेय, त्याचं काय? आज मशीन, उद्या फ्रिज, परवा गच्चीवरची टाकी… ठीक आहे. नका सांगू. मग या रविवारी येऊ नका. पुढच्याही. भावाकडे काय गाऱ्हाणं घालायचं ते घाला.

…

सांगता? नुसतं 'नाही' म्हणायचं. 'बहुधा' नको, 'अजून तरी' नको… थांबा, देते. पिल्लू, ए पिल्लू, आत्या आहे. हात पूस आधी. फ्रॉकला नाही!

…

दे इकडे. हॅलो?… म्हणालात?… स्पष्ट म्हणालात ना? बरं… आभार कसले मानू? बिस्किट खाली ठेवलं तिने, अर्धं…

काय गं?… मग बाबा कसा येणार? अगं, जहाजाने. नेहमी येतो तसा… कधी? पुढच्या महिन्यात… नक्की म्हणजे… अं… येऊ शकतो, बाळा.

…

ऐकलंत तुम्ही. काही बोलू नका, ताई. एक अक्षर नको… नाही, मी रडत नाहीये…

ए, मोजा घेऊन कुठे निघालीस? पिल्लू! दोरीला हात लावू नकोस… ताई, ठेवते मी, ठेवते, ती गाठ सोडतेय—