निळी घसरगुंडी

— अरे हो, ऐकलं, बहिरी नाही झाले मी अजून. पाडायचंय ना, हे झोके-बिके सगळं? तुझ्या आईचं अंगण, तू मालक, पाड की! पण आधी ते बूट काढ, फेरेती. आईच्या थडग्यापाशी उभा आहेस, विमानतळावर नाही. हं. टेक इथेच, कडेला. — थडग्यावर बसत नाहीत? ऑकलंडमध्ये नसतील बसत. आपल्या सामोआत माणसाला दारात पुरतात ते कशासाठी? येता-जाता टेकता यावं म्हणूनच ना! माझ्या ताईच्या उशाशी रोज चार शेंबडी पोरं बसलेली असतात. आवडायचं तिला. पोरांचा गलका ऐकत खाटेवर पडून राहायची.

आणि लोकांनी धिंगाणा मांडलाय म्हणजे काय रे? लोक कोण? वादळात घर गेलं, नुसतं दगडी जोतं उरलं, तेव्हा तिला उचलून पलीकडे माझ्या ओसरीवर कुणी आणलं? — याच लोकांनी. टायरचे झोके शेजारच्या पाउलोने बांधले. सी-सॉ केला तो तुमच्याच उन्मळलेल्या नीरफणसाच्या खोडाचा. वाळू आम्ही बायकांनी वाहिली, टोपल्या भरभरून, हे असले गुडघे घेऊन! कुणासाठी? — या बारक्यांसाठी. आया मळ्यात, पोरं रस्त्यावर. एक पोर तर बसखाली जाता जाता राहिलं. मग म्हटलं, जागा ओस पडलीय, गवत माजतंय, मालकाला आठवण नाही — खेळू देत.

तू काय, फोनवरून! उंटावरून शेळ्या हाकायला बरं जमतं तुला. आईला ओसरीवर हलवलं, तेव्हा सुट्टी नाही. दफनाला सुट्टी नाही. आणि मग जहाजाने सिमेंट काय, निळ्या टाइल्स काय! दोन मजली थडगं बांधा, मावशी, आणि फोटो पाठवा. अरे, जिवंतपणी तिच्या खाटेशी घटकाभर बसला असतास तर —

सिमेंट? सांगितलं ना मघाशी, भिजलं. गोणीचा दगड झाला. — सगळ्या गोणींचा, हो. टाइल्स कशा भिजतील? भिजल्या कुठे म्हणतेय मी, फुटल्या. पोरं आहेत, फुटतात. — तिकडे काय बघतोयस? घसरगुंडी आहे ती जोत्यावर, पाहिली नाहीस कधी? निळी असेना का! निळा रंग काय तुझ्या बापाचा आहे?

हो, त्याच! झालं समाधान? त्याच टाइल्स, तेच सिमेंट. मीच लाव म्हटलं पाउलोला. तो बिचारा भीत होता, फेरेती आला तर काय सांगायचं म्हणून. म्हटलं, येतोय कशाला तो! — तिची इच्छा? नाही रे बाबा. तिच्या नावावर कशाला खपवू? तिला ना थडगं हवं होतं, ना घसरगुंडी. तिला तू हवा होतास.

आणि गलका आवडायचा म्हटलं ना मी — तो आधी. शेवटी शेवटी नाही. रस्त्यावर काही थांबलं की मान उचलायची. "फेरेती आला का गं?" — नाही गं ताई, पाववाला आहे. शेवटी तर पोरांवरच ओरडायची, गप्प बसा रे मेल्यांनो, गाडीचा आवाज येत नाही मला! आणि ती एवढी एवढी पोरं, फेरेती, झोक्यावर तोंडावर हात ठेवून बसायची. झोका न हलवता. तुझी गाडी येतेय का ऐकत. परकी पोरं! त्यांची घसरगुंडी पाडायला आलायस तू? पाड. सकाळी पहार मीच आणून देते. पण —

ऐकलास? शंख झाला. प्रार्थनेची वेळ. आता गावात कुणी हलायचं नाही, एवढं तरी आठवतंय ना? बघ, पोरं बसली सुद्धा. तूही बस, आईजवळ बस. काही बोलू नकोस आता.

शू… ऐक नुसतं.