मक्याकडे न फिरकलेली हरणं

(मेन राज्याच्या किनाऱ्यापलीकडचं एक छोटं बेट. मार्च महिना, दुपार. उद्या वर्षाची गावसभा आहे. वर्ना आपल्या धाकट्या भावाच्या, हार्लनच्या, स्वयंपाकघरात बूट न काढताच बसली आहे.)

हार्लन : किती म्हणालीस?

वर्ना : अकरा. शरदापासून आजपर्यंत हरणं औषधाच्या पेटीपाशी आली ती अकरा वेळा. बेटावर चाळीस हरणं, पेटीत मका काठोकाठ, आणि कॅमेऱ्यात दिसतात कोण, तर कावळे.

हार्लन : हरणं शहाणी असतात. फुकटचं दिसलं की धावत सुटायला ती काही माणसं नव्हेत.

वर्ना : मका खायला मान आत घातली की दोन्ही बाजूंचे रोलर मानेला, कानाला घासतात. औषध लागतं, गोचिडी मरतात. एवढं साधं काम. दोन वर्षं मी दर रविवारी जाऊन ते रोलर भिजवतेय, आणि हरणं तिकडे ढुंकूनही बघत नाहीत.

हार्लन : मग उद्या सभेत तसंच सांग. पेटी फसली म्हणावं.

वर्ना : पेटी फसली की पुढचा ठराव कुठला, वाचलास ना?

हार्लन : वाचला.

वर्ना : बाहेरून नेमबाज आणायचे. बेटावर एकही हरीण ठेवायचं नाही.

हार्लन : आणि तू त्याला हात वर करणार.

वर्ना : टेसा माझी लेक आहे. जुलैत तो गोचिडीचा लाइम रोग झाला, अजून तिचं तोंड पुरतं सरळ झालेलं नाही. कॉफी कडेनं गळते, मग ती पाठ फिरवून पुसते, मला दिसू नये म्हणून. गुडघा सुजलेला. बोट तिची, आणि शेवंडांचे पिंजरे ओढतंय दुसरंच कुणीतरी. करणार हात वर. का नाही करायचा?

हार्लन : रोग उंदरांकडून येतो म्हणतात. हरणांनी काय घोडं मारलंय?

वर्ना : उंदरांकडून येतो, खरं आहे. पण गोचिडी पोटभर रक्त पितात आणि अंडी घालतात त्या हरणांच्या जिवावर. हे मी तुला याच टेबलाशी बसून सांगितलंय, दोनदा. आता तू मला सांग. मागच्या दारासमोरचा बर्फ एवढा कुणी तुडवला?

हार्लन : मी.

वर्ना : तुला खूर कधी फुटले?

हार्लन : कॉफी घे. निवतेय.

वर्ना : येताना तळघरात डोकावून आलेय मी. शरदात सफरचंदांची सात पिंपं भरली होतीस, आता एक उरलंय. त्या कवळीनं तुला पाव चावत नाही, हार्लन.

हार्लन : मॅव्हिस घालायची त्यांना.

वर्ना : तुझी बायको कधीमधी चार टाकायची, हौस म्हणून. सहा पिंपं नाही. आणि तिला मध्ये आणू नकोस, ती बिचारी जाऊन पाच वर्षं झाली.

हार्लन : बरं, नाही आणत. मी पेटीपाशी गेलो होतो. पहिल्याच शरदात. औषधाचा डबा तिथंच होता. हातमोजे घाला, डोळ्यांत जाऊ देऊ नका, माशांना विषारी, असं काय काय लिहिलेलं. म्हटलं, हे त्यांच्या कानाला फासायचं? मला नाही बघवलं. मग टाकायला लागलो सफरचंदं.

वर्ना : मुद्दाम?

हार्लन : मुद्दाम. तू रविवारी मका नेताना दिसलीस की त्या संध्याकाळी दुप्पट टाकायचो. तिकडे जायलाच नकोत म्हणून.

वर्ना : अरे, घोड्यांना, गुरांना हेच औषध लावतात. मला एका शब्दानं विचारायचंस.

हार्लन : तू रागावली असतीस.

वर्ना : आणि आता काय खूश आहे मी?

हार्लन : टेसाचं… ते माझ्यामुळे?

वर्ना : कुठली गोचीड कुठून आली, देव जाणे. मी तुला हो म्हणणार नाही. पण नाहीही म्हणता येत नाही रे, आणि तेच मला खातंय. तिच्या तोंडाकडे बघितलं की आता तू आठवणार.

हार्लन : उद्या काय सांगणार आहेस?

वर्ना : खरं सांगितलं तर लोक पेटीला आणखी दोन वर्षं देतील. हरणं वाचतील. पण तू काय केलंस ते साऱ्या बेटाला कळेल. साठ घरं आपली. दुकानात गेलास तर कुणी ओळख देणार नाही. गप्प बसले तर तुझं नाव राहील, आणि हरणं जातील.

हार्लन : मग?

वर्ना : गप्प बसणार आहे. भाऊ एकच आहे मला.

हार्लन : आणि टेसाला काय सांगशील? पेटीच वाईट होती?

वर्ना : काहीतरी सांगेन.

हार्लन : नको. तू गप्प बस, मी बोलतो सभेत.

वर्ना : चाळीस वर्षांत तू तिथं तोंड उघडलेलं नाहीस. शाळेच्या छपराचा ठराव होता तेव्हासुद्धा झोपला होतास.

हार्लन : छप्पर काही मी फोडलं नव्हतं.

वर्ना : टेसा पुढच्याच बाकावर असेल, काठी घेऊन. तिला सगळ्यांच्या देखत कळू द्यायचं?

हार्लन : ती आत्ता घरी आहे का?

वर्ना : आहे.

हार्लन : चल तर. माझा कोट दे तो, खुंटीवरचा.

वर्ना : ती दार लावून घेईल, हार्लन. ओळखते मी तिला.

हार्लन : घेऊ दे. दाराबाहेर उभा राहून सांगेन.

वर्ना : मग शेजारीपाजारीही ऐकतील.

हार्लन : ते उद्या ऐकणारच आहेत. आधी तिनं ऐकावं.