पहिल्या वर्षाचा स्वाध्याय

दक्षिण कोरियात, देजॉनला, नूडल्सच्या दुकानाबाहेर रांगेत उभा होतो. माझ्यापुढे वास्तुकलेचे दोन प्राध्यापक होते, पिकल्या केसांचे प्यो सर आणि तरुण ओक मॅडम.

“दुपारच्या बैठकीत अभ्यासक्रम ठरेल. ‘आपल्या घराचा नकाशा काढा’ हा स्वाध्याय मी वगळतोय, मॅडम.”

“का हो, सर?”

“सगळ्या वर्गाने एकच फ्लॅट काढलाय. मधे हॉल, एका भिंतीला सोफा, समोर टीव्ही. तपासता तपासता झोप लागली मला.”

“राहतातच सगळी तसल्या इमारतींत. राजवाडा कुठून काढतील?”

“मग त्यातून शिकायचं काय?”

“मी परत बसवलं त्यांना. म्हटलं, आता घरातली माणसं काढा, जिथे बसतात तिथे.”

“सोफ्यावर. आणखी कुठे बसणार?”

“एकही नाही, सर. सगळ्यांचे वडील जमिनीवर, सोफ्याला पाठ टेकून.”

“आणि सोफ्यावर?”

“वाळलेले कपडे.”

“कमाल आहे.”

“तुम्ही कसे बसता घरी?”

“मी? तसाच की. थंडीत आपल्याकडे जमीन खालून तापवलेली असते ना.”

“आणि वर्गात आपण सोफ्याची उंची शिकवतो.”

“थांबा. मग मी सोफा घेतला कशाला? बायकोशी भांडून घेतलाय हो.”

“मग स्वाध्यायात हाच पहिला प्रश्न ठेवू या?”

“ठेवा. पण उत्तर मिळालं की आधी मला सांगा.”

इतक्यात दुकानाच्या मालकीणबाई दारात आल्या.

“खुर्चीवर बसणार की खाली?”

“खाली,” प्यो सर म्हणाले. “पण भिंतीजवळ द्या.”