घोडीचा गरम पाय

"काका, तुम्ही जॉकी आहात का?"

मैत्रिणींनी पैज लावली, म्हणून पुलगेटच्या स्टॉपवर त्या बुटक्या काकांना मी विचारूनच टाकलं.

"जॉकी माझा मुलगा. मी घोडे सांभाळतो."

मैत्रिणी हसत बसमध्ये चढल्या. मी थांबले, कारण काकांच्या शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोने त्यांना दबक्या आवाजात विचारलं.

"चिठ्ठी टाकलीत?"

"नाही."

"रेसकोर्सच्या नव्या अध्यक्षांनी गेटवर तक्रारपेटी कशाला लावलीय? शोभेला?"

"अध्यक्ष बदलले, ट्रेनर तोच आहे. नाव नाही लिहिलं तरी तो माझं अक्षर ओळखतो."

"घोडीचा पाय?"

"सकाळी हात लावला, अजून गरम आहे. दुखणं दाबायचं इंजेक्शन देऊन रविवारी पळवणार."

"आणि पाठीवर आपला निलेश."

"हळू बोल. नोकरी गेली तर खोली जाईल."

"खोली राहील हो. तिच्यात तिघं असू की दोघं, ते बघा."

मी दप्तरातून वही काढली.

"काका, माझं अक्षर तिथे कुणीच ओळखत नाही. घोडीचं नाव सांगा."

ते सांगताना त्यांनी दोनदा मागे वळून पाहिलं.

घरी आल्या आल्या मी सांगून टाकलं.

"आई, बाबा, उद्या शाळेआधी मी रेसकोर्सच्या गेटवर चिठ्ठी टाकायला जाणार आहे. आणि खाली माझं नाव लिहिणार आहे."